बावीस अंशांचा कॉम्प्रेसर आणि सोलापूरचा मे महिना

आमच्या पिकअपच्या मागच्या कमानपाट्यांना आधार म्हणून हवेचे दोन बेलो, म्हणजे हवा भरून फुगणाऱ्या रबरी पिशव्या, बसवले, त्याला आता दुसरा उन्हाळा उलटून गेला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून चादरी आणि टॉवेलचे गठ्ठे भरून गाडी हैदराबादला जाते आणि परतीला बहुधा रिकामी येते. त्यामुळे जाताना साठ आणि येताना पंधरा पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) असा दाब दर फेरीला बदलावा लागतो. बेलो निवडायला एक दिवस पुरला. कॉम्प्रेसरने मात्र मला दोनदा पैसे खर्च करायला लावले.

पहिला कॉम्प्रेसर मी खोक्यावरचा १५० पीएसआय हा आकडा पाहून घेतला होता. वास्तविक अशा मदतनीस बेलोंमध्ये साधारणतः ५ ते १०० पीएसआय एवढाच दाब ठेवायचा असतो, तेव्हा त्या आकड्याचा मला उपयोग शून्य होता. मे महिन्यात भर दुपारी गठ्ठे लादून झाल्यावर एक बेलो भरला, दुसरा अर्धा भरला आणि मोटर गप्प झाली. मोटर जास्त तापली की ती बंद करणाऱ्या आतल्या स्विचने तिला बंद केले होते. अर्धा तास गाडी सावलीत उभी करून ठेवली, तेव्हा ती पुन्हा फिरली. असे सात-आठ वेळा झाल्यावर पिस्टनची रिंगच गेली.

मग मी ड्युटी सायकल हा शब्द नीट समजून घेतला. कॉम्प्रेसर किती वेळ चालावा आणि किती वेळ थंड व्हावा, याचे हे प्रमाण आहे. ३३ टक्के म्हणजे पंधरा मिनिटे काम आणि तीस मिनिटे विश्रांती, तेही १०० पीएसआय दाबावर. व्हायएअर ही अमेरिकन कंपनी आपले हे आकडे ७२ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २२ अंश सेल्सिअस तापमानाला देते. मे महिन्यात सोलापूरचा पारा अनेकदा बेचाळीसच्या पुढे जातो आणि गाडीच्या पोटाखाली, सायलेन्सरच्या शेजारी, त्याहूनही अधिक. त्यामुळे छापील टक्के आपल्याकडे तेवढेच्या तेवढे मिळतील असे धरून चालू नये.

या कंपनीचे ४०० सी आणि ४४४ सी हे दोन नमुने माझ्यापुढे होते. पहिल्याची ड्युटी सायकल ३३ टक्के आणि दुसऱ्याची १०० टक्के, दोन्ही १०० पीएसआयला. निव्वळ हवा फेकण्याच्या वेगात ४०० सी सरस आहे, पण पोळलेल्या माणसाने ताकही फुंकून प्यावे, तसा मी ४४४ सी घेतला. तेव्हापासून तो एकदाही तापून बंद पडलेला नाही.

तरीही खरे श्रेय त्याच्यासोबत बसवलेल्या, आधीच हवा भरून ठेवणाऱ्या साडेनऊ लिटरच्या टाकीला द्यावे लागेल. दोन्ही बेलो मिळून सुमारे पाच लिटरचे धरले, तर पंधरावरून साठ पीएसआयपर्यंत जायला बाहेरच्या दाबाची साधारण पंधरा लिटर हवा लागते. तेवढी हवा काढल्यावर १२० पीएसआयची टाकी सुमारे ९५ वर येते, आणि माझा प्रेशर स्विच तर ९० ला चालू व १२० ला बंद होणारा आहे. म्हणजे माल लादल्यावर मोटर सुरूही होत नाही. टाकी पुढे कधीतरी, गाडी धावताना भरते. प्रामाणिकपणे सांगायचे तर टाकी आधीच बसवली असती, तर स्वस्तातला ४०० सीसुद्धा मला पुरला असता. चारही चाकांवर हवेचे सस्पेन्शन असेल आणि उंची वारंवार बदलायची असेल, तर मात्र १०० टक्क्यांच्या खाली उतरू नये.

जोडणीत दोन ठिकाणी काटकसर अंगलट येते. अशी मोटर वीस ते तीस अँपिअर ओढते; पाच मीटर लांबीची अडीच चौरस मिलिमीटरची तार त्यात जवळपास एक व्होल्ट खाते आणि सहाची तार त्याच्या निम्म्याहून कमी. रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) हवाच, आणि फ्यूज बॅटरीलगतच हवा. दुसरे म्हणजे, कॉम्प्रेसरच्या तोंडातून निघणारी हवा इतकी तापलेली असते की तिथे थेट नायलॉनची नळी जोडली तर ती मऊ पडते. जाळीदार पोलादी नळीचा तुकडा मध्ये असलाच पाहिजे. सगळे सांधे साबणाच्या फेसाने तपासावेत, कारण बारीकशा गळतीपायी मोटर दिवसभर उगाच चालू-बंद होत राहते.

एक गैरसमज आमच्या हमालांपासून मालाच्या मालकांपर्यंत सर्वांचा आहे. बेलो फुगवले की गाडीची मागची बाजू वर येते, म्हणून आणखी चार गठ्ठे चढवायला हरकत नाही, असे त्यांना वाटते. आरसी पुस्तकातले एकूण वजन त्याने वाढत नाही. ॲक्सल, ब्रेक आणि टायर तेच राहतात.

तक्रार म्हणाल तर आवाजाची आहे. रबरी बुशांवर बसवूनही रात्री नळदुर्गच्या पुढे शांत रस्त्यावर मोटर सुरू झाली की चालक दचकतो. पावसाळ्यात टाकीच्या बुडाची निचऱ्याची तोटी सैल केली, की हवेतल्या ओलाव्याचे वाटीभर पाणी निघते. ते काम चालकाकडेच सोपवले आहे, आणि तो ते न विसरता करतो.