पीआयडी मीटर: उन्हाळा ते पावसाळा वापरून झाल्यावर

पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या जुन्या टाक्या काढतात, तेव्हा खालची माती आणि शेजारच्या विहिरींचं पाणी तपासायचं काम आम्ही नाशिक भागात करतो. त्यासाठी हातातला पीआयडी (फोटोआयनायझेशन डिटेक्टर) मीटर उन्हाळ्यात घेतला. तो अतिनील दिव्याच्या मदतीने हवेतली इंधनासारख्या पदार्थांची वाफ मोजतो. आमच्यातला दिवा १०.६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा, म्हणजे तेवढ्या ऊर्जेचा प्रकाश देणारा आहे.

पेट्रोलसाठी तो फार उपयोगी आहे. खड्ड्यातली माती झिपच्या पिशवीत अर्धी भरायची, तोंड बंद करून दहा-पंधरा मिनिटं ठेवायची, हलवायची आणि मीटरची नळी आत घालायची. काही सेकंदांत वाफेचा आकडा येतो. कुठली माती प्रयोगशाळेत पाठवायची, हे तिथेच ठरतं. पेट्रोलमधलं विषारी बेंझीन त्याला नीट दिसतं, मिथेन दिसत नाही. जवळून गटार जात असेल तर हे बरंच पडतं, कारण गटारातल्या मिथेनने आकडा फसत नाही.

डिझेलला मात्र तो कमी पडतो. डिझेल सावकाश उडतं, त्यामुळे माती बोटांना तेलकट लागत असतानाही आकडा लहानच येतो. डिझेलच्या टाकीखालचे नमुने आम्ही आकडा न बघता पाठवतो.

जुलैत खरी परीक्षा झाली. हवेतल्या ओलाव्याने कधी आकडा दबतो, तर आत दव धरलं की कारण नसताना चढत जातो. नळीला ओलावा अडवणारा फिल्टर लावायचा, दिवा मिथेनॉलने पुसायचा आणि रोज सकाळी सिलिंडरमधला १०० पीपीएमचा (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आयसोब्युटिलीन हा तपासणीचा गॅस देऊन आकडा ताडून पाहायचा. एवढं केलं तर पावसाळाभर विश्वासाने चालतो. विक्रेते या गॅसच्या सिलिंडरचा खर्च आधी सांगत नाहीत, तो धरूनच हिशेब करा.

आणि सर्वांत महत्त्वाचं. आपल्याकडे काळी माती, खाली मुरूम आणि मग भेगाळ काळा कातळ. गळलेलं पेट्रोल भेगेत शिरलं की कुठे निघेल ते खड्ड्यावरून समजत नाही. मीटरने माती स्वच्छ दाखवली म्हणून विहीर स्वच्छ, असं कोणी सांगू लागलं तर अजिबात ऐकू नका. त्या विहिरीवर घरं पाणी पितात, द्राक्षबागा जगतात.

विहिरीसाठी वेगळं साधन लागतं: पाण्यावर तेल तरंगतंय का ते पाहायला विहिरीत सोडायची, टोकाला सेन्सर असलेली मोजपट्टी. तिचं टोक तेलात गेलं की सलग आवाज, पाण्यात गेलं की तुटक. पण तवंग नसला तरी बेंझीन विरघळलेलं असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे आणि बेंझीन चवीला-वासाला कळेपर्यंत ती कितीतरी पटीने ओलांडलेली असते. म्हणून ४० मिलिलिटरच्या बाटल्या हवेचा बुडबुडाही न ठेवता भरायच्या आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्यायच्या. मे महिन्यात पाणी तळाला असताना एकदा आणि पावसाळ्यानंतर चढल्यावर पुन्हा. पातळी वर-खाली होते तसं कातळात अडकलेलं तेल कधी बाहेर पडतं, कधी पाण्याखाली दबतं.

मीटर घ्यायचाच असेल तर दिवा जागेवर बदलता येतो का, ते आधी विचारा.