डिजिटल थर्मामीटर घेतला, वापरून कसा वाटला ते सांगते

घरातला काचेचा काढायचा होता म्हणून मेडिकलमधून हा साधा डिजिटल घेतला. टोक वाकतं त्यामुळे पोरगं हललं तरी टेन्शन नाही, पण बीप इतकी बारीक की सासूबाईंना ऐकूच येत नाही, आणि काखेत लावला तर बीपनंतरही थोडा वेळ ठेवा नाहीतर ताप कमी दाखवतो. लाइट नाही, रात्री मोबाईलचा टॉर्च मारून आकडे बघायचे, वैताग नुसता!

तरी घ्याच. काचेच्यात साधारण १ ग्रॅम पारा असतो, फुटला की गोळ्या फरशीच्या फटीत जातात आणि घरातल्या नेहमीच्या तापमानालाच वाफ होत राहते, ना रंग ना वास, कळणार कसं. कोडाईकनालचं तर माहितीच असेल, हिंदुस्तान लिव्हरची थर्मामीटर फॅक्टरी तिथे २००१ मध्ये बंद झाली, पारा लागलेली फुटकी काच गावातल्या भंगारवाल्याकडे सापडली होती, आणि मग फॅक्टरीच्या आवारातली माती साफ करायचं भिजत घोंगडं कितीतरी वर्षं.

जुना थर्मामीटर ओल्या-सुक्यात टाकू नका हां, २०१६ च्या घनकचरा नियमांत तो घरगुती घातक कचऱ्यात धरला होता, सीएफएल आणि ट्यूबलाइटसारखाच, त्यामुळे घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवून वेगळा द्या. आणि ह्या डिजिटलचा बटण सेल बदलताना पाकिटावर ‘मर्क्युरी फ्री’ आहे का बघून घ्या, काही जुन्या टाइपच्या सेलमध्येही थोडा पारा असायचा.

पाचपैकी साडेतीन, अर्धा त्या बीपचा कापला.