लुकलुक रोखायची तर: एलटीपीएस की एलटीपीओ?

ओएलईडी पडद्यात प्रत्येक पिक्सेल, म्हणजे चित्राचा ठिपका, स्वतःच उजळतो. त्याची उजळी एका इवल्या कपॅसिटरमध्ये (विद्युतभार साठवणाऱ्या घटकात) साठवलेल्या व्होल्टेजवर ठरते. एलटीपीएस आणि एलटीपीओ हे पिक्सेल चालवणाऱ्या सर्किटचे दोन प्रकार. एलटीपीएस सर्किटमध्ये सगळे ट्रान्झिस्टर (प्रवाह नियंत्रित करणारे घटक) पॉलिसिलिकॉनचे, म्हणजे सिलिकॉनच्या एका प्रकाराचे, असतात. ते चपळ असतात, पण बंद असतानाही थोडा विद्युतभार झिरपू देतात. ६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६० वेळा, पिक्सेल दर १६.७ मिलिसेकंदांनी ताजा (रिफ्रेश) होतो, म्हणून ही गळती खपून जाते. १ हर्ट्झला मात्र तोच भार पूर्ण सेकंदभर टिकवायचा असतो. मग उजळी हळूहळू सरकते, पुढच्या फ्रेमला झटक्यात मूळपदावर येते, आणि डोळ्याला नेमका हाच झटका लुकलुक म्हणून खुपतो.

एलटीपीओमध्ये कपॅसिटरला जोडलेले स्विच ऑक्साइडचे असतात. त्यांची गळती नगण्य असते. प्रवाह पुरवणारा ट्रान्झिस्टर पॉलिसिलिकॉनचाच राहतो. बनवायला हे किचकट, तरी कमी रिफ्रेशच्या पडद्यासाठी मी एलटीपीओच निवडेन.