लॉजचं बिडाचं पॅन, फौंड्रीवाल्याच्या नजरेतून

भाच्याने अमेरिकेहून लॉज कंपनीचं सव्वादहा इंची बिडाचं पॅन आणलं. वजन जवळजवळ अडीच किलो. बॅगेत एवढं ओझं कशाला, म्हणून घरात बोलणी बसली. सांगितलं मीच होतं. बेळगावच्या उद्यमबागेत आयुष्यभर बीड ओतलं, तिकडचं ओतकाम एकदा हातात घेऊन बघायचं होतं.

आधी ओतकामच सांगतो. पॅन पालथं करून उजेडात धरलं. ब्लो होल (अडकलेल्या हवेचं भोक) नाही, वाळू पडल्याची खूण नाही, काठाची जाडी सगळीकडे सारखी. सांध्याची रेघ नखाने शोधावी लागते, म्हणजे फेटलिंग (जास्तीचं बीड घासून काढणं) मनापासून केलंय. तळावर ‘मेड इन यूएसए’ ही उठावाची अक्षरं, कोपरे न ढासळलेले. आतला पृष्ठभाग खरखरीत आहे, कारण वाळूच्या साच्यातून आल्यावर त्याला मशीनिंग केलेलं नाही. खरखरीत अंगालाच तेल धरतं. फॅक्टरीतून सोयाबीन तेलाचं सीझनिंग (भाजून बसवलेला तेलाचा थर) करूनच येतं.

थालीपीठ झकास होतं, कडा कुरकुरीत आणि मधे मऊ. सुक्कं मटणही छान परततं. खरं भाकरीला उपयोग नाही: कडा उभ्या, भाकरी सरकवून थापायला जागा नाही. मूठही बिडाचीच, त्यामुळे फडकं हवंच.

भाचा म्हणाला, “मामा, अमेरिकेचा बाहेरच्या मालावरचा टॅरिफ असाच राहिला तर तुमचं कास्टिंगपण तिकडंच ओततील बघा.” म्हटलं, “ओतू देत की. पॅटर्न न्यायला या म्हणावं.” (पॅटर्न म्हणजे ज्यावरून वाळूचा साचा उठवतात तो नमुना.)

हे पॅन टॅरिफमुळे तगलेलं नाही. कंपनी टेनेसीतल्या साउथ पिट्सबर्गची, १८९६ पासूनची. एकच माल, लाखांच्या संख्येत, साचे आपोआप बनवणाऱ्या मोल्डिंग लाइनवर: असलं काम तिकडच्या पगारातही परवडतं. आतल्या पोकळीसाठी साच्यात कोअर बसवायचे, लॉट दोनशेचा, फेटलिंग हाताने, असलं काम आमच्याकडे येतं. चीनच्या स्वस्त पॅनवर टॅरिफची ड्युटी लागली तर लॉजला आडोसा मिळतो, हे मान्य. पण त्याच कंपनीची रंगीत इनॅमलची भांडी बरीचशी चीनमध्येच बनतात. त्या खोक्यांवरची ड्युटी कोण भरणार? शिवाय परदेशी पोलाद महागलं की देशी गिरणीवालाही भाव चढवतो. गिरणीला बरं, पण पोलाद विकत घेऊन माल बनवणारे कारखाने गिरण्यांपेक्षा कितीतरी जास्त. त्यांनी काय करायचं?

२०१८ मध्ये पोलादावर २५ टक्के ड्युटी बसली, त्याच वर्षी वॉशिंग मशिनवरही. तिकडच्या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे वॉशिंग मशिनच्या ड्युटीचा हिशेब मांडला: सुमारे १,८०० नोकऱ्या वाढल्या आणि गिऱ्हाइकांना एकेक नोकरी वर्षाला ८ लाख डॉलरच्या वर पडली. ड्रायरवर ड्युटी नव्हती, तरी त्याचेही भाव चढले, कारण दोन्ही जोडीने विकतात. दुकानदार सगळीकडचा सारखाच!

आणि टॅरिफने व्यापारातली तूट भरून निघेल म्हणतात, तिचं काय? २०२४ मध्ये अमेरिकेची मालाच्या व्यापारातली तूट १.२ लाख कोटी डॉलर होती, २०१८ पेक्षा जास्त. देश बचतीपेक्षा जास्त गुंतवणूक करतो आणि जग आपले डॉलर त्याच्याच कर्जरोख्यांत नेऊन ठेवतं, तोवर एका देशाचा माल अडवला की दुसऱ्याचा येतो. राहिल्या नोकऱ्या. १९७९ च्या सुमाराला तिथल्या कारखान्यांत १.९५ कोटी माणसं होती, आता १.३० कोटीच्या आत. चीनने काम नेलं हे खोटं नाही, पण मोल्डिंग लाइनसारख्या यंत्रांनीही नेलंच की.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत आपल्या बऱ्याच मालावर ड्युटी ५० टक्क्यांवर गेली, तेव्हा आमच्या तिकडच्या गिऱ्हाइकाचा मेल आला: निम्मा भार तुम्ही उचला. घासाघीस करून थोडा उचलला, उरलेला त्यांनी त्यांच्या भावात चढवला. पॅटर्न अजून आमच्याच रॅकवर आहे. दुसऱ्या फौंड्रीत नेऊन नमुने पास करून घेण्यात महिने जातात, आणि तेवढ्या लॉटसाठी तिकडे कोणी लाइन थांबवत नाही.

पॅनचं म्हणाल तर तिकडे वीस-पंचवीस डॉलरला मिळतं, त्या पैशाला चोख माल. कोणी येणार असेल तर जरूर मागवा. कुरिअरने नको, वजनाचाच खर्च जास्त होईल. भाकरीचा तवा आपल्या बेळगावच्या खडेबाजारातूनच घ्या.