प्रीमिअर पद्मिनी १९८९: अकरा महिने चालवल्यानंतर, विकू की नको

मे महिन्यातली दुपार, सोलापुरातला सात रस्त्याचा सिग्नल, पारा ४३ वर. गाडी बंद पडली. शेजारी सासूबाई, मागच्या सीटवर दळणाचा डबा, पाठीमागे रिक्षांचे हॉर्न. स्टार्टर फिरतोय, इंजिन काही धरत नाही. ज्यांनी पद्मिनी वापरलीय त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांना घ्यायची आहे त्यांनी मात्र हे वाचून मगच टोकन द्यावं. विकणारे क्रोमच्या बंपरचे दहा फोटो टाकतात, फ्युएल पंपाचा एकही टाकत नाहीत.

आधी गाडी माझ्याकडे कशी आली ते. आमच्या ह्यांनी ती २०१६ साली होटगी रोडवरच्या एका डॉक्टरांच्या घरून ३५ हजारांना घेतली. अक्कलकोट रोडला चुलत सासऱ्यांचा बंद पडलेला यंत्रमागाचा गाळा आहे, तिथे ती उभी असायची आणि दर रविवारी हेही तिथेच. २०२३ च्या नोव्हेंबरात हे गेले. हार्ट अटॅक, दवाखान्यात नेईपर्यंतही वेळ मिळाला नाही. गाडी तेव्हा चार ठोकळ्यांवर होती, इंजिनचं हेड उघडलेलं, मागची सीट बाहेर, वायरिंगचा गुंता डॅशबोर्डखाली लोंबकळत होता.

तेराव्यानंतर दीर म्हणाले, "वहिनी, भंगारवाला अठरा हजार द्यायला तयार आहे. देऊन टाकू, तुम्हाला बघायचाही त्रास नको."

मी पतसंस्थेत वसुलीचं काम करते. कुठलीही वस्तू विकण्याआधी तिच्यात किती गेलेत ते मला कळायला लागतं. गाळ्यात ह्यांची हिशेबाची वही मिळाली. सात वर्षांचा एकेक नट-बोल्ट लिहिलेला. बेरीज केली, १,४२,६०० रुपये. मला साठ-सत्तर हजार सांगितले होते. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी महिनाभर रागावले होते, रोज रात्री. एक लाख बेचाळीस हजारांची वस्तू अठरा हजारांत द्यायची नाही एवढंच तेव्हा ठरवलं. गाडी पूर्ण करायची, चालू करायची, चांगल्या किमतीला विकायची. प्रेमाबिमाचा प्रश्नच नव्हता.

घाई झाली ती कागदांमुळे. अशी वेळ कुणावर येऊ नये, पण आलीच तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. मालक गेल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्यायची. मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र लागतं. ते मी वेळेत केलं. अडलं नोंदणीच्या नूतनीकरणावर. गाडी १९८९ ची, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग, म्हणजे मार्च २०२४ ला मुदत संपत होती. त्यासाठी गाडी समोर नेऊन दाखवावी लागते आणि माझी तर ठोकळ्यांवर. २०२२ मध्ये पंधरा वर्षांवरच्या कारची फी ६०० वरून ५००० झाली होती, शिवाय उशिराच्या प्रत्येक महिन्याला ५०० रुपये. कॅलेंडरचं पान उलटलं की माझ्या डोळ्यांसमोर पाचशेची नोट जायची. एप्रिल, मे, जून करत डिसेंबर उजाडला. साडेचार हजार नुसते उशिराचे गेले, हरित कर वेगळा. "विंटेजमध्ये टाका की," असं सांगणारे बरेच भेटले. विंटेज व्हायला पन्नास वर्षं पूर्ण लागतात. १९८९ ची गाडी फक्त जुनी असते.

काम लष्कर भागातल्या मेकॅनिक चाचांनी केलं. सत्तरीचे आहेत, ह्यांनाही त्यांनीच शिकवलं होतं. हेड गॅस्केट, व्हॉल्व्ह, क्लच प्लेट, ब्रेकचे व्हील सिलिंडर, सगळं वायरिंग. ५८,४०० रुपये. सामान मिळवणं हा मोठा ताप. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदलेली होती, वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली आणि टॅक्सीवाल्यांमुळे जी थोडीफार दुकानं हा माल ठेवत होती त्यांनीही हात आखडता घेतला. मला जे मिळालं ते बहुतेक ह्यांनीच जमवून ठेवलेल्या ढिगातून. त्या ढिगाबद्दल पुढे येतेच.

चालवायला गाडी कशी आहे? लायसन्स माझ्याकडे होतं, हात बसलेला नव्हता. स्टिअरिंगच्या दांडीवरचा गिअर आठ दिवसांत जमला, दुसरा टाकताना मात्र अजूनही मनगटाला आठवण करून द्यावी लागते. पार्किंगमध्ये स्टिअरिंग जड. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, त्यामुळे पुढच्या गाडीपासून लांब राहायचं. ॲव्हरेज गावात अकरा, तुळजापूर रोडला तेराच्या आसपास. सीट मात्र सोफ्यासारखी. सासूबाईंचे गुडघे गेलेत, आजकालच्या गाड्यांत त्यांना वाकून शिरावं लागतं. हिच्यात त्या साडी सावरत सरळ जाऊन बसतात. एवढं पुरे. आता पंप.

मेकॅनिक लोक या फ्युएल पंपाला एसी पंप म्हणतात, थंड हवेच्या एसीशी त्याचा संबंध नाही. टाकी मागे, पंप पुढे इंजिनला चिकटून. तो पेट्रोल मागून ओढून घेतो. इंजिन तापलं की पंपातलं, पाइपातलं पेट्रोल उकळतं, त्याची वाफ होते. पंपाचा पडदा बिचारा ती वाफच दाबत बसतो, पुढे थेंब जात नाही, कार्बोरेटर कोरडा पडतो. हायवेला वारा लागतो तोवर काही नाही. गावात, सिग्नलला, किंवा दहा मिनिटं उभी करून परत सुरू करताना हमखास. मे महिन्यात मी वहीत खुणा केल्या: एकतीस दिवसांत चौदा वेळा.

"पेट्रोल उकळायलंय बेटा, त्यात गाडीची काय चूक," असं चाचा म्हणायचे. त्यांच्या मते इथेनॉल मिसळायला लागल्यापासून त्रास वाढला. त्याबद्दल मी ठामपणे बोलणार नाही, पण जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही हे डोळ्यांनी पाहिलंय. पंपाचा पडदा काढला तेव्हा तो भिजलेल्या पापडासारखा झाला होता. ऊस आमच्या जिल्ह्याचा, कारखाने आमच्या जिल्ह्याचे, आणि त्याचंच इथेनॉल माझ्या पंपात. पाइप आणि पडदा इथेनॉल सोसणारेच घ्या, शंभर-दोनशे वाचवायला जाऊ नका.

जूनमध्ये मी इलेक्ट्रिक पंप लावायचं ठरवलं. तो टाकीजवळ बसतो, ओढण्याऐवजी ढकलतो, दाबाखालचं पेट्रोल सहजी उकळत नाही. कल्पना बरोबर होती, चुकलं ते दुकानात. मी कार्बोरेटरची गाडी म्हणून तीनदा सांगितलं आणि त्याने इंजेक्शनच्या गाडीचा पंप दिला. २२०० रुपये. कार्बोरेटरला दोन-तीन पीएसआय दाब पुरतो, इंजेक्शनच्या पंपाचा चाळीसच्या वर असतो. चाचा गावाला गेले होते, दुकानाच्याच पोऱ्याने तो बसवला. चावी फिरवली आणि कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल सरळ गरम इंजिनवर. वास आला म्हणून मी चावी काढली. पुढे काय झालं असतं याचा विचार करून आजही पोटात गोळा येतो. दुकानदार म्हणतो, "वायर कापलीय, माल परत घेत नाही." सलग चार दिवस ऑफिस सुटल्यावर जाऊन त्याच्या काउंटरसमोर उभी राहिले, गिऱ्हाइकांच्या देखत. शेवटी ६०० रुपये परत दिले. उरलेले १६०० मी विसरलेले नाही.

जुनाच पंप परत बसवला, नव्या पडद्याचा. आता टॉवेल. तो मे महिन्यापासूनच वापरात होता.

हा टॉवेल ग्लोव्ह बॉक्समध्ये पहिल्यापासून होता, मी पुसायचं फडकं समजत होते. हातभर लांब, पांढरा, कडेला हिरवा पट्टा, मधले धागे झिजून सपाट झालेले आणि बरोबर मध्यावर पंपाच्या आकाराचा तपकिरी गोल डाग. हिरवा पट्टा पाहून ओळखला. आमच्या रुखवतातल्या टॉवेलचा तो अर्धा तुकडा. २०१९ मध्ये मी तो दोरीवर शोधला होता, शेजारणीवर संशयही घेतला होता. वहीत पाहिलं तर नोंद होती: "टॉवेल, पंपासाठी, घरातला, ० रु."

ओला करून पंपाभोवती गुंडाळायचा, वरून तांब्याभर पाणी. पाच ते सात मिनिटांत गाडी सुरू. आपल्या टेरी टॉवेलचे फासे पाणी धरून ठेवतात आणि सोलापूरच्या कोरड्या उन्हात ते भरभर उडतं, माठासारखं. दमट हवेत याचा गुण कमी येईल. उघड्या वायरवर मात्र पाणी जाऊ देऊ नका. सात रस्त्याच्या त्या दुपारी मी बॉनेट उघडून हेच करत होते तेव्हा एक रिक्षावाले काका त्यांची बाटली घेऊन आले, म्हणाले, "ताई, साहेबबी असंच करायचे हितं." मी फक्त मान हलवली.

इथपर्यंतचं सगळं मी ऑगस्टमध्ये लिहिलं होतं, आणि खाली "विकणे आहे, किंमत १,८०,०००" असं लिहून ठेवलं होतं. जाहिरात दिली. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, फीचे पैसे भरायचे होते. त्याच महिन्यात वीस वर्षांवरच्या गाड्यांची नूतनीकरणाची फी १० हजार झाल्याची बातमी आली. म्हटलं, २०२९ च्या आधी सुटलेलं बरं.

सप्टेंबरात कोल्हापूरचे एक गृहस्थ आले. माणूस सभ्य, माहितगार. कंबर तलावापर्यंत फेरी मारली, चहा घेतला, परत सुरू करायला गेले तर पंप रुसलेला. मी टॉवेल काढला. सहा मिनिटांत गाडी सुरू झाली. ते खूश होऊन म्हणाले, "तुम्ही काळजी करू नका ताई, मी हिला मारुती ओम्नीचं इंजिन बसवणार आहे, गिअरही खाली घेणार." १,६०,००० रोख द्यायला तयार होते. त्यात वाईट काही नव्हतं, त्यांच्या पैशांची गाडी, त्यांनी हवं ते करावं. पण मला ते सहन झालं नाही. दोन दिवसांचा वेळ मागितला.

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, बाबांची आठवण म्हणून ठेव." दीर म्हणाले, "आठवणी काढत बसण्यापेक्षा विका." दोघांचंही मला पटेना. ह्यांची आठवण यायला गाडी लागत नाही. ह्यांनी ही गाडी एकदाही तुळजापूरच्या घाटात नेली नव्हती, सात वर्षांत तेवढी ती कधी धडच नव्हती. घाट मी चढवला, नवरात्रात, सासूबाईंना घेऊन, दुसऱ्या गिअरमध्ये. आरसी बुकावर माझं नाव आहे. माझ्या नावावरचं हे पहिलं वाहन, स्कूटरसुद्धा ह्यांच्या नावावर होती. गरम असताना ही गाडी सुरू करता येणारं आमच्या घरात माझ्याशिवाय कुणी नाही. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, कोल्हापूरला फोन करून नाही म्हटलं.

फीचं काय केलं, तर गाळ्यातला तो ढीग विकला. एक अख्खा गिअर बॉक्स, दोन कार्बोरेटर, हेडलाइटच्या रिंगा, एक रेडिएटर, डिकीचं झाकण. वहीतल्या किमती समोर ठेवून, एक रुपया कमी न करता, ४१ हजार आले. बाकीचं पतसंस्थेतून कर्मचारी कर्ज काढलं, हप्ता ३१००. गाडीला महिन्याला सगळं धरून सव्वादोन हजार जातात, म्हणून भिशी बंद केली. पुढच्या मार्चच्या आत कमी दाबाचा पंप घ्यायचाय, या वेळी चाचांना सोबत नेऊन.

तर गाडी विकायची नाही. त्या ढिगातले डाव्या बाजूचे दोन जादा दरवाजे मात्र अजून गाळ्यात पडून आहेत. गंज नाही, काचा शाबूत, पुढच्याची मूठ थोडी सैल आहे. दोन्हीचे मिळून सहा हजार, सोलापुरात येऊन न्यावे लागतील.