गरोदरपणाचं ॲप: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

लेक आता तीन महिन्यांची झाली. पाचव्या आठवड्यात, चाचणीवर दोन रेघा उमटल्या त्याच संध्याकाळी मी हे ॲप घेतलं आणि नवऱ्याच्या फोनवरही टाकलं. म्हणजे जवळजवळ अकरा महिने ते आमच्या फोनवर होतं. नाव मुद्दाम देत नाही. नंतर दोन मैत्रिणींची वेगवेगळी ॲप्स हाताळून पाहिली, तर थोड्याफार फरकाने रचना तीच निघाली: दर आठवड्याला बाळाची माहिती, हालचाली मोजायची सोय, कळांचं घड्याळ, खरेदीची यादी आणि बाळ झाल्यावर दूध, शू, झोप यांच्या नोंदी. मी पाचपैकी साडेतीन तारे देते.

आमचा अनुभव थोडक्यात सांगायचा तर असा: जिथे आम्ही ॲपला काही सांगत होतो, तिथे ते फार कामाला आलं. जिथे ते आम्हाला सांगायला लागलं, तिथे जपून राहावं लागलं.

पहिला धडा तारखेचा. ॲपने शेवटच्या पाळीची तारीख विचारली आणि क्षणात ड्यू डेट काढून दिली. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, हा त्यामागचा जुना हिशेब. एकोणिसाव्या शतकातल्या नेगेले या जर्मन प्रसूतितज्ज्ञांच्या नावाने तो ओळखला जातो. त्यात एक गोष्ट गृहीत असते, ती म्हणजे पाळी २८ दिवसांनी येते आणि चौदाव्या दिवसाच्या आसपास बीज सुटतं. माझी पाळी ३५ दिवसांची. हे ॲपने विचारलंच नाही, आणि मलाही तेव्हा सुचलं नाही.

पहिल्या सोनोग्राफीच्या दिवशी ॲपप्रमाणे आठ आठवडे आणि तीन दिवस झाले होते. त्या आठवड्याच्या पानावर बाळाची लांबी १६ मिलिमीटर लिहिली होती, ती मी जाताना रिक्षात बसून पाठ करत गेले होते. पडद्यावर आकडा आला १२. ठोके दिसत होते, डॉक्टर शांत होत्या, पण मी त्या चार मिलिमीटरमध्येच अडकले. बाळ वाढत नाहीये, एवढंच डोक्यात. डॉक्टरांनी पाळीचं चक्र विचारलं, मी ३५ म्हटलं, आणि त्यांनी तारीख सात दिवस पुढे नेली. सुरुवातीच्या महिन्यांतल्या सोनोग्राफीत डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजतात. गर्भाचं वय ठरवायला त्याहून खात्रीचं माप नाही. पुढे बाळं आपापल्या चणीप्रमाणे वाढतात, त्यामुळे उशिराच्या सोनोग्राफीवरून तारीख ठरवणं तितकं भरवशाचं राहत नाही.

मी घरी येऊन तारीख बदलली. नवऱ्याच्या फोनवर मात्र ती बदललीच नाही, त्यासाठी जोडणी तोडून पुन्हा करावी लागत होती आणि हे आम्हाला बारा दिवसांनी कळलं. तोवर एकाच घरात दोन फोनवर बाळ एका आठवड्याच्या फरकाने वाढत होतं. ही तारीख दुरुस्त करणं किती महत्त्वाचं होतं ते शेवटी कळलं. लेक आली ३९ आठवडे ६ दिवसांची. ॲपच्या मूळ तारखेप्रमाणे तेव्हा ४० आठवडे ६ दिवस झाले असते, म्हणजे कळा आणण्यासाठी औषध द्यायचं का ही चर्चा आम्ही विनाकारण करत बसलो असतो. तेव्हा पाळी अनियमित किंवा लांब अंतराची असेल, तर सोनोग्राफीची तारीख हाती येईपर्यंत ॲपमधल्या आठवड्यांवर जीव लावू नका. आणि नेमक्या ड्यू डेटला शंभरातली जेमतेम चार-पाच बाळं जन्मतात, हेही घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

आठवड्याची पानं आम्ही आवडीने वाचायचो. रविवारी सकाळी नवरा मोठ्याने वाचायचा आणि मी डोळे मिटून ऐकायचे. पण तिथेही एक घोटाळा आहे, तो लिहून ठेवते. एकोणिसाव्या आठवड्यात बाळ सुमारे १५ सेंटीमीटरचं होतं आणि विसाव्यात एकदम २५. नवऱ्याने कपाटातून टेप आणला, पलंगावर दहा सेंटीमीटर मोजून दाखवले आणि म्हणाला, "सात दिवसांत एवढं?" खुलासा साधा आहे. पाय दुमडलेले असतात म्हणून आधी डोक्यापासून ढुंगणापर्यंत मोजतात, आणि विसाव्या आठवड्याच्या सुमारास माप डोक्यापासून टाचेपर्यंत घ्यायला लागतात. बाळ नेहमीच्याच गतीने वाढत असतं, फक्त मोजण्याची रीत बदलते. ही एक ओळ ॲपमध्ये कुठेही नव्हती.

अठराव्या आठवड्यात ॲप म्हणालं, आता हालचाल जाणवत असेल! मला काहीच जाणवत नव्हतं. एकोणीस, वीस गेले. रोज रात्री मी पोटावर हात ठेवून पडून राहायचे. मग पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत कळलं की वार (प्लॅसेंटा) गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला आहे, त्यामुळे हालचाल उशिरा आणि दबकी कळते. पहिल्या खेपेला विसाव्या आठवड्याच्या पुढेमागे कळणं अगदी नेहमीचं. मला एकविसाव्यात कळली. पापणी फडफडावी तशी, खाली डाव्या बाजूला. मी हललेसुद्धा नाही, परत होते का बघत राहिले.

आता ॲपच्या सर्वात चांगल्या भागाकडे येते. त्यात 'डॉक्टरांना विचारायचंय' अशी एक साधी यादी होती. दोघांनाही आपापल्या फोनवरून लिहिता यायचं. तपासणीच्या खोलीत गेल्यावर मेंदू कोरा होतो हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना या यादीची किंमत कळेल. तीसाव्या आठवड्यात रात्री दोन वाजता नवऱ्याने त्यात लिहिलं होतं: पाय सुजलेत, चालेल का? हाच प्रश्न मी ॲपच्या शोधात टाकला होता, तर उत्तर आलं की गरोदरपणात सूज येणं सामान्य आहे. डॉक्टरांनी तोच प्रश्न वाचून आधी रक्तदाब घेतला. मग चेहरा आणि हातही सुजतात का, डोकं खूप दुखतं का, डोळ्यांपुढे चमकतं का, बरगड्यांखाली दुखतं का, हे एकेक करून विचारलं आणि लघवीची तपासणीही करून घेतली. सगळं ठीक निघालं. पण विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्यावर गेला तर ती गंभीर बाब असते, आणि ही लक्षणं दिसली तर पुढच्या तपासणीची वाट बघायची नसते, हे मला तिथे कळलं. ॲपचं उत्तर चूक नव्हतं. पण समोर बसलेली बाई कोण आहे हे त्याला दिसत नव्हतं.

याच कारणाने चौतिसाव्या आठवड्यातली ती रात्र मी सविस्तर लिहिते.

अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून मी रोज रात्री जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून हालचाली मोजायचे. लाथ, वळण, ढुशी, जे जाणवेल त्याला एकदा बटण दाबायचं. उचकी धरायची नाही. दहा झाल्या की ॲप वेळ लिहून ठेवायचं. माझ्या बाळाला साधारण वीस-पंचवीस मिनिटं लागायची. त्या रात्री अर्ध्या तासात तीन झाल्या. तासाभरात पाच. मी कूस बदलली, पाणी प्यायले, पुन्हा पडले. दहावी झाली तेव्हा १ तास ५२ मिनिटं झाली होती, आणि ॲपने हिरवी खूण दाखवली: छान, आजचं उद्दिष्ट पूर्ण! दोन तासांत दहा, हा त्यांचा निकष होता आणि मी त्यात बसत होते.

नवऱ्याने मागच्या आठवड्याच्या नोंदी उघडल्या. बावीस, एकोणीस, सव्वीस, चोवीस. आम्ही फोन केला आणि तसेच निघालो. तिथे बाळाच्या ठोक्यांचा आलेख घेतला, चाळीसेक मिनिटं पट्टा पोटावर होता आणि पट्टा लावल्यावर पाचच मिनिटांत लेकीने जी उलथापालथ सुरू केली ती थांबेचना. मी त्या खाटेवर रडले. आल्याबद्दल कोणी नावं ठेवली नाहीत. उलट तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "असं परत वाटलं तर परत या, उद्या वाटलं तर उद्या या." दहाचा आकडा म्हणजे कामचलाऊ खूण आहे, खरा मापदंड आपल्या बाळाची रोजची सवय. ती बदलली तर सकाळ होऊ देऊ नका. शेवटच्या दिवसांत जागा कमी पडते म्हणून हालचाल कमी होते, असं बरेच जण सांगतात, ते खरं नाही. हालचालीचा प्रकार बदलतो, ढुशांऐवजी वळवळ जास्त जाणवते, पण बाळ हलत राहायलाच हवं.

त्याच पानाखाली घरी ठोके ऐकायच्या यंत्राची जाहिरात यायची. कृपा करून त्यावर विसंबू नका. सवय नसलेल्याला आईचेच ठोके ऐकू येऊ शकतात, आणि ठोके ऐकू आले म्हणजे बाळ बरं आहे असं सिद्ध होत नाही. खोट्या धीराने तपासणीला उशीर होतो.

खरेदीच्या यादीबद्दल फार लिहीत नाही. साठेक वस्तू होत्या, त्यातल्या वीसही लागल्या नाहीत. मात्र पाळण्याच्या चित्रात मऊ उशी, कडेने गादीचं कुंपण आणि दोन खेळणी होती, याचा मला खरोखर राग आला. लहान बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर झोपवायचं आणि भोवती काहीही ठेवायचं नाही. १९९० च्या दशकात अनेक देशांनी पाठीवर झोपवण्याच्या मोहिमा चालवल्या आणि झोपेत अचानक होणारे बाळांचे मृत्यू खूप कमी झाले. नव्या आई-बाबांना आठवड्याला तीन सूचना पाठवणाऱ्या ॲपला हे माहीत असायलाच हवं.

कळांचं घड्याळ. एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंत अंतर मोजायचं, हे ॲपने नीट समजावलं होतं. अडतिसाव्या आठवड्यात खोट्या कळा आल्या तेव्हा अंतरं बारा, सात, पंधरा मिनिटं अशी वेडीवाकडी दिसली आणि चालल्यावर त्या थांबल्या. खऱ्या आल्या तेव्हा मी फक्त "हं" म्हणायचे आणि नवरा बटण दाबायचा. दुसऱ्या "हं"ला पुन्हा. थांबवायचं बटण इतकं बारीक होतं की एकदा ते लागलंच नाही आणि चौदा मिनिटांची कळ नोंदली गेली. मग त्याने फोन उलटा ठेवला आणि कागदावर दोन रकाने आखले. पाच मिनिटांच्या अंतराने, मिनिटभर टिकणाऱ्या, तासभर सलग, असं आम्हाला सांगितलेलं होतं. पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा हालचाल कमी झाली तर मोजत न बसता निघायचं, हेही. एक कागद आणि पेन पिशवीत असू द्या.

बाळ झाल्यावरचे पहिले दोन आठवडे नोंदींनी आम्हाला खरंच सावरलं. जन्माचं वजन ३.०५ किलो, तिसऱ्या दिवशी २.८३. पहिल्या दिवसांत वजन उतरतं हे माहीत असूनही पोटात गोळा आला. डॉक्टरांनी विचारलं, चोवीस तासांत किती वेळा पाजता, किती लंगोट ओले होतात? आम्ही फोन पुढे केला. दहा वेळा, सात ओले. त्यांनी मान हलवली आणि असंच चालू ठेवा म्हणाल्या. अकराव्या दिवशी वजन भरून निघालं. सहाव्या आठवड्यानंतर आम्ही नोंदी बंद केल्या, कारण लेक रडली की मी तिच्याकडे बघण्याआधी फोनकडे बघायला लागले होते.

दोन तक्रारी मात्र मी कंपनीला लिहूनही कळवल्या. गरोदरपणात ॲप मला रोज विचारायचं, आज कसं वाटतंय? बाळंतपणाची तारीख टाकली त्या दिवसापासून तो प्रश्नच गेला. सगळे रकाने बाळाचे. मी टाक्यांनी वळू शकत नव्हते, विनाकारण रडत होते, आणि ते लिहायला जागा नव्हती. सहा आठवड्यांच्या तपासणीला मला दहा प्रश्नांचा एक कागद भरायला दिला. बाळंतपणानंतरच्या नैराश्याची ही एडिनबरो प्रश्नावली १९८७ पासून वापरात आहे. दहा प्रश्न ॲपमध्ये बसवणं अवघड आहे का? पहिल्या काही दिवसांतलं रडू येणं बहुतेकींना होतं, पण दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर मदत मागायची, एवढं तरी त्यांनी लिहावं.

दुसरी तक्रार एका मैत्रिणीची. तिचा गर्भ दहाव्या आठवड्यात गेला. तिला तिच्या ॲपवर पुढचे तीन आठवडे 'तुमचं बाळ आता' अशा सूचना येत राहिल्या. गर्भपात झाल्याची नोंद करायची सोय होती, पण सेटिंगच्या तिसऱ्या पायरीवर, आणि त्या अवस्थेत ती शोधायची कोणी? मी माझ्या ॲपमध्ये पाहिलं, तिथेही तितकीच आत. ॲप घेताना ही जागा जोडीदाराने आधीच शोधून ठेवावी, लागू नये अशी इच्छा धरून.

मागच्या आठवड्यात मी खातं बंद केलं. नुसतं ॲप काढून टाकलं तर माहिती त्यांच्याकडेच राहते, खातं मिटवण्याची विनंती वेगळी करावी लागते. त्याआधी सगळ्या नोंदी पीडीएफमध्ये उतरवून घेतल्या. चौतिसाव्या आठवड्याच्या पानावर ती ओळ आहे: १ तास ५२ मिनिटं, शेजारी हिरवी खूण, आणि खाली शेऱ्याच्या चौकटीत नवऱ्याने टाइप केलेलं, "फोन केला. निघालो."