पाहुण्याला मशीनची ड्रॉइंग दिली आणि मग कोर्टात मनाई मागत फिरलो

लातूरला माझं वर्कशॉप आहे, छोट्या डाळ मिलच्या मशीन बनवतो. वडील मिलमध्ये फिटर होते त्यामुळं हे काम लहानपणापासून डोळ्यासमोरच. मागच्या महिन्यात औशाकडचा एक पोरगा आला, त्याचं मसाल्याचं काम आहे, म्हणला काका एक जण माल उचलतो म्हणतोय पण आधी मसाल्याचं प्रमाण लिहून मागतोय, देऊ का. त्याला माझं सगळं सांगता सांगता दोन तास गेले, मग वाटलं लिहूनच टाकावं, अजून कुणी वाचलं तर वाचेल.

आधी माझं काय गेलं ते सांगतो कारण कोर्टात पण पहिला प्रश्न हाच आला. तुरीचं टरफल दाण्याला डिंकासारखं चिकटलेलं असतं, म्हणून एमरी रोलरवर, म्हणजे खरखरीत रोलरवर, दाण्याला ओरखडे पाडायचे, तेलाचा हात द्यायचा, पाणी मारायचं, मुरू द्यायचं, वाळवायचं आणि मग भरडायचं. हे सगळ्या लातूरला माहितीये, यात गुपित काही नाही. पण रोलरचा ग्रेड कोणता, गॅप किती, दाण्याच्या साइजप्रमाणं तेल किती आणि किती तास मुरवायचं हे मी 4 सीझन स्वतःचा माल खराब करून बसवलं होतं. चुरी कमी व्हायची आणि 100 किलो तुरीमागं दोन-अडीच किलो डाळ जास्त पडायची. ते सगळं एका चार्टवर लिहिलेलं आणि मशीनची ड्रॉइंग 14 शीट.

पहिला फसलो तो एका सल्लागाराकडून. तो म्हणला तुमचं ट्रेड सिक्रेट, म्हणजे धंद्याचं गुपित, सरकारकडं रजिस्टर करून देतो, 28 हजार घेतले आणि सोनेरी शिक्क्याचं लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट आणून दिलं, मी ते ऑफिसात देवाच्या फोटोशेजारी लावलं. आपल्या देशात ट्रेड सिक्रेटचं रजिस्ट्रेशन नावाची गोष्टच नाही हो! पेटंटचं असतं, डिझाइनचं असतं, ट्रेडमार्कचं असतं, पण गुपिताचं नसतं, त्याला वेगळा कायदा पण नाही. विधी आयोगानं 2024 मध्ये 289 वा अहवाल दिला त्यात असा कायदा करा म्हणून शिफारस केलीये, पण कोर्ट आजवर बघत आलंय ते करार आणि विश्वासभंग यावरच. हे मला नंतर कळलं. तोवर त्या सर्टिफिकेटच्या जिवावर मी निर्धास्त होतो, खरं नुकसान तिथंच झालं.

मग बायकोच्या माहेरच्या गावचा एक जण आला, लांबचा भाऊ लागतो तिचा, मला दाजी दाजी करायचा. 10 मशीनची ऑर्डर देतो, छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांच्या पीएमएफएमई योजनेत 35 टक्के सबसिडी आहे, गावोगावचे बचत गट तयार आहेत, फक्त दाजी बँकेच्या फाइलला ड्रॉइंग लागतं म्हणला. बँकेच्या फाइलला मशीनचं कोटेशन लागतं, 14 शीट ड्रॉइंग कशाला लागतील, पण मी विचारलंच नाही. पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर पाठवलं, आणि चार दिवसांनी मशीन कशी चालती ते बँकेच्या साहेबाला समजावून सांगायचंय म्हणला तर चार्टचा फोटो पण पाठवला. वर एक ओळ सुद्धा लिहिली नाही की हे कुणाला देऊ नको. ऑर्डर काय आली नाही. दिवाळीनंतर माझा फोरमन काम सोडून गेला, 8 वर्षं होता माझ्याकडं.

जानेवारीत एका कृषी प्रदर्शनात गेलो तर समोर त्याच पाहुण्याच्या स्टॉलवर माझीच मशीन, फक्त रंग निळा आणि नाव वेगळं, किंमत माझ्यापेक्षा 40 हजारानं कमी. शेजारी माझा फोरमन उभा, मला बघून म्हणला काय करलालाव मालक इकडं. पाय गळाले माझे. आणि स्टॉलवर जे माहितीपत्रक वाटत होते त्यात तेल आणि मुरवायचे तास छापलेले, माझ्या चार्टमधल्या दोन ओळी जशाच्या तशा.

त्याच आठवड्यात वकिलाकडं जायला पाहिजे होतं. पण सासरे म्हणले घरातलं घरात मिटवू, मग बैठका झाल्या, एकदा तर त्या पाहुण्यानं सगळ्यांसमोर माझे पाय धरले, पुढच्या महिन्यात हिशोब करतो म्हणला. आणि त्याच फेब्रुवारीत मला रजिस्टर पोस्टानं एक पाकीट आलं, कोर्टाचा कागद होता, कॅव्हेट लिहिलेलं, मला वाटलं कुणीतरी भलत्याच पत्त्यावर पाठवलं असेल म्हणून फायलीत ठेवून दिलं. कॅव्हेट म्हणजे समोरचा आधीच कोर्टाला सांगून ठेवतो की हा माणूस माझ्याविरुद्ध मनाई मागायला येईल, मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका. ते 90 दिवस चालतं. मे महिन्यात दुसरं पाकीट आलं. म्हणजे एकीकडं पाय धरत होता आणि दुसरीकडं माझी वाट बंद करत होता, हे आठवलं की आजही रात्री झोप येत नाही.

जुलैत दावा टाकला. वकील मॅडमनी मनाईचा अर्ज दिला, म्हणजे निकाल लागेपर्यंत त्याला माझं वापरू देऊ नका असा, आपल्याकडच्या कोर्टात त्याला निशाणी 5 म्हणतात, सगळी लढाई आधी तिथंच होती. चार्ट त्यांनी सीलबंद पाकिटात दिला कारण दाव्यात उघड लिहिलं असतं तर जे वाचवायला गेलो तेच सगळ्यांना वाचायला मिळालं असतं. कोर्ट तीन गोष्टी बघतं, प्रथमदर्शनी केस आहे का, मनाई दिली तर जास्त गैरसोय कुणाची, आणि नंतर पैशानं भरून निघणार नाही असं नुकसान आहे का. कॅव्हेट असल्यामुळं एकतर्फी हुकूम मिळाला नाही, त्याला नोटीस गेली, आणि कोर्ट कमिशनर, म्हणजे कोर्टानं पाहणीला नेमलेला माणूस, त्याच्या वर्कशॉपवर जाईपर्यंत कॉम्प्युटर साफ, ड्रॉइंगचा एक कागद नाही.

त्याच्या वकिलानं एकेक मुद्दा असा काढला की मी मान खाली घालून बसलो. म्हणले मशीन बाजारात विकली जाते, कुणीही विकत घेऊन खोलून बघू शकतो, मग गुपित कसलं. माझाच फेसबुकवरचा व्हिडिओ दाखवला ज्यात मी रोलर काढून गॅप कसा सेट करायचा ते शिकवतोय! ड्रॉइंगवर कॉपीराइट म्हणलं तर कॉपीराइट कायद्याचं कलम 15 काढलं, डिझाइन रजिस्टर करण्यासारखं असून केलं नाही आणि माल 50 नगाच्या वर निघाला तर कॉपीराइट संपतो, आणि मी तर 70 च्या वर मशीन विकलेल्या. डिझाइनचं रजिस्ट्रेशन पहिली मशीन बाजारात जायच्या आधी करायचं असतं, ते मला कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी विचारलं, जानेवारीत कळलं तर जुलैपर्यंत गप्प का, मग तातडी कसली. त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. बैठकांचा काही कागद असतो का?

आमच्या मॅडमनी दिल्ली हायकोर्टाचा 1987 चा जॉन रिचर्ड ब्रॅडीचा निकाल लावला. तो चारा उगवायच्या मशीनचाच आहे, त्या मशीनला लागणारी पॅनल घ्यायच्या बोलणीत विश्वासानं ड्रॉइंग दिली आणि समोरच्यानं स्वतःच मशीन काढली, तिथं मनाई मिळाली होती. त्याचाच आधार झाला. अर्धा हुकूम आमच्या बाजूनं लागला, कारण मुरवायचे तास मशीन खोलून कुणाला दिसत नाहीत, आणि माझ्या दोन ओळी त्याच्या पत्रकात छापलेल्या होत्या. चार्ट आणि मी पाठवलेली ड्रॉइंग वापरायची नाही, कुणाला द्यायची नाही. पण मशीन बनवायला बंदी मिळाली नाही. हुकूम मोडला तर मालमत्ता जप्ती आणि 3 महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते, ते ठीक, पण मोडला हे दाखवायचं मलाच आहे.

फोरमनचं तर विचारूच नका. त्याच्याकडून मी बॉन्डवर लिहून घेतलं होतं की 5 वर्षं लातूर जिल्ह्यात दुसऱ्याकडं हे काम करणार नाही. करार कायद्याच्या कलम 27 प्रमाणं असली अट नोकरी सोडल्यावर चालत नाही, माणसाचं पोट बंद करता येत नाही, आणि ते बरोबरच आहे म्हणा. जे चाललं असतं ते म्हणजे कामावर असताना कळलेली माहिती बाहेर देणार नाही अशी एक ओळ, आणि नेमकी तीच त्या बॉन्डमध्ये नव्हती.

दावा अजून चालूच आहे. व्हॉट्सॲपच्या चॅटसाठी इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट लागतं, म्हणून मॅडमनी मूळ मोबाईल मागितला. तो मी भाच्याला देऊन टाकला होता, नशीब त्यानं रिसेट मारला नव्हता. आता तो फोन आणि ती दोन कॅव्हेटची पाकिटं कपाटात कुलपात आहेत. औशाच्या पोराला म्हणलं, माल दे त्याला पाहिजे तेवढा, प्रमाणाचा कागद देऊ नको, आणि फारच अडला तर आधी त्याची सही घे मग बोल. परवा त्याचा फोन आला, सही मागितली तर तो माणूस परत आलाच नाही म्हणे.